धाव

जुबेदानं फोटो धाडलाय पेनसिल्वेनियाहून.
काळी बग्गी, मागं तांबडा तिकोन,
घोडं तपकिरी, कपाळावर चांदनी.
मानसं न्हाईत. खाली लिवलंय:
अब्बा, ही लोकं तोंडाचा फोटो काढू देत न्हाईत,
म्हनून घोड्याचा काढला.
बरं केलंस.

चष्मा पुसून आधी चाक बघितलं.
आरे चौदा. लोखंडी धाव, रबर न्हाई.
तुंबा झाकलेला, वंगनाचं कळंना.
म्होरल्या उजव्या पायाचा नाल
ढिला वाटतोय. त्यास्नी सांग.

रात्री फोनवर सांगत बसली.
त्यांच्यातली एक म्हातारी हाय तिच्या वॉर्डात.
घरात लाईट न्हाई, मोटार न्हाई.
फोन हाय, पर गल्लीच्या टोकाला खोक्यात,
चार घरांत एक.
गड्यांना दाढी, मिशी न्हाई.
म्हंजे आपल्या गंगावेशीतल्या हाजीसाहेबांगत?
हसली. बायकांची डोकी झाकल्याली,
लुगड्याला म्हना, झग्याला म्हना, फूल न्हाई एक.
कुनाचं कोठार जळलं तर दुसऱ्या दिशी
शंभर गडी हातोडा घिऊन हजर,
दिवस बुडायला आढं चढल्यालं.
इर्जिक म्हन की, मी म्हनलं.
त्यो शब्द तिला आठवंना.

आन अब्बा, नवीन काय आलं की
समदी बसत्यात, बोलत्यात,
हे आपल्याला पायजे का नको.
बॅटरी चालंल. ट्रॅक्टर नको.
कधी कधी वरीसभर घोळ चालतोय.

मी गप.
गंगावेशीच्या स्टँडावर आमचं बावीस टांगं व्हतं.
आमास्नी कुनी इचारलं?
आधी दोन रिक्षा, मग सात,
मग घोड्यांच्या हौदात कुनीतरी माती टाकली,
मातीवर बाकडं, बाकड्याम्होरं च्याची गाडी.
पायजे कुनी म्हनलं न्हाई,
नको बी कुनी म्हनलं न्हाई.
एका उनाळ्यात मान वळवून बघतोय तर
मी आन दस्तगीर, दोघंच.

ग्वाड करून सांगत न्हाई.
पंचगंगेवरनं वर येताना मैना दोनदा बसली व्हती.
सहा सवाऱ्या, वर गुळाच्या ढेपा.
चाबूक मीच मारला.

मग जुबेदा हळू झाली.
त्या म्हातारीची नात येती रोज.
सोळा वर्सांची. नाडी कशी बघायची, इचारती,
एकदा दाखवलं की चुकत न्हाई.
शाळा आठवीला संपली.
त्यांच्यात तेवढीच.
मला म्हनली, तू किती शिकलीस?
मी सांगितलं.
लई येळ माझ्या घड्याळाकडं बघत व्हती, अब्बा.

आठवी.

मैना मी जूनात इकली.
वडगावच्या बाजारात, एका वीटभट्टीवाल्याला.
गेली ती गेली, वळून न्हाई बघितलं.
घरी तुझ्या नववीची पुस्तकं आली,
खाकी कव्हरं घालाय मीच बसलो,
हाताला घोड्याचा वास, त्यो कागदाला लागला.
आदल्या रात्री तुझी आई
चिमनी बारीक करून म्हनली व्हती,
दोन्ही जमायचं न्हाई आपल्याला.
मी म्हनलं, न्हाई जमायचं.

म्हंजे बसलो व्हतो की आमी.
बोललो व्हतो.
दोनच मानसं, आन बाहेर मैना
पाय आपटत उभी.

ह्यातलं फोनवर काय बोललो न्हाई.
तिकडं थंडी किती, इचारलं.

सकाळी परड्यात गेलो.
एक चाक ठिवलंय, दोडक्याचा येल चढलाय त्याच्यावर.
बोटानं वाजवून बघितलं.
गंजलीया, पर लाकूड सोडलं न्हाई.
चाक उभं ऱ्हायलं म्हनून
तिला दुसरं नाव कुनी दिलं न्हाई,
धावच म्हनायचं.

आन जुबेदा,
त्या नालाचं सांगितलंस का त्यास्नी?
आज-उद्यात निखळंल.